‘शक्यता कमी’च्या पुढचे वाक्यही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्याचा विषय निघाला, की सांगलीत एकच प्रश्न असतो : आपल्याकडे पाणी चढणार की नाही? २०१९च्या महापुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने त्या पुराचे खापर अलमट्टीवर फोडले नाही. नदीकाठच्या अनेकांना आणि काही अभ्यासकांना ते आजही मान्य नाही. खरे कोण, हे ठरवण्याइतका माझा अभ्यास नाही. तज्ज्ञ सरकारला सल्ला कसा देतात, याची मला काळजी वाटते.

फुगव्याचे, म्हणजे धरणामुळे नदीत मागे किती पाणी चढते याचे, गणित गृहीतकांवर उभे असते. विसर्ग किती धरला, अलमट्टीतली पातळी किती ठेवली, पात्रातला गाळ आणि पूल हिशेबात घेतले का, वारणा आणि पंचगंगा त्याच वेळी फुगल्या तर काय, यातले एक बदलले तरी उत्तर बदलते. मग ‘परिणाम होणार नाही’ असे एका ओळीत सांगून कसे चालेल? सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ कमीत कमी किती फूट, जास्तीत जास्त किती फूट आणि कशाच्या आधारावर, हे सांगायला हवे. इथे ४५ फुटांवर धोका पातळी आहे आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. एका फुटाने इथे आणखी काही गल्ल्या पाण्याखाली जातात.

सल्ल्यातले अर्धेच सांगितले तर काय होते, याचे एक उदाहरण देतो. ब्रिटनमध्ये गाईंच्या ‘मॅड काऊ’ रोगाबाबत साउथवूड समितीने १९८९ मध्ये अहवाल दिला. माणसाला धोका असण्याची शक्यता फारच कमी, असे त्यात होते. पण आमचा अंदाज चुकला, तर परिणाम अत्यंत गंभीर होतील, असेही लिहिले होते. सरकार वर्षानुवर्षे पहिलेच वाक्य सांगत राहिले. १९९६ मध्ये माणसांतल्या नव्या आजाराशी या रोगाचा संबंध असावा, हे मान्य करावे लागले. त्या आजाराने तिथे पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली. शास्त्रज्ञांनी दुसरे वाक्य लिहिले होते, हे खरे. पण ते दडपले जात असताना त्यांनी जाहीरपणे बोलायला हवे होते, असे मला वाटते.

लोक घाबरतील म्हणून अनिश्चितता सांगायची नाही, हा युक्तिवाद सांगलीत तरी करू नये. ऑगस्टमध्ये इथली शाळकरी मुलेही कोयनेचा विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात.

निर्णय शास्त्रज्ञांनी घ्यावा, असे माझे म्हणणे नाही. उत्तर कर्नाटकातल्या कोरडवाहू शेतकऱ्यालाही पाणी हवे आहे. ते आणि आमची घरे यांचा तोल सरकारांनी आणि न्यायालयांनीच साधायचा आहे. मात्र त्यांच्यापुढे जाणारा प्रत्येक अभ्यास गृहीतकांसह, अंदाज चुकल्यास होणाऱ्या परिणामांसह आणि समितीतल्या भिन्न मतांसह मराठीत प्रसिद्ध व्हावा. तोही पावसाळ्याआधी, नदीकाठच्या ग्रामपंचायतींना वाचून प्रश्न विचारता येतील इतक्या वेळेत.

आपला,
कृष्णाकाठचा एक वाचक, सांगली