मेजर राम राघोबा राणे स्मरण : २६ जून

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या २६ जूनला, मेजर राणे यांच्या जयंतीनिमित्त, संध्याकाळी ६ वाजता नेहमीच्या सभागृहात जमायचे आहे. हार-भाषणे थोडक्यात, आठवणींना जास्त वेळ.

कारवारजवळच्या चेंडिया गावचा, पोलीस शिपायाचा हा मुलगा १९४० साली बॉम्बे सॅपर्समध्ये (लष्कराच्या अभियंता दलात) भरती झाला आणि ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढला. एप्रिल १९४८ मध्ये जम्मू-काश्मीरच्या लढाईत नौशेरा-राजौरी रस्त्यावर पहिल्याच दिवशी जखमी होऊनही तो मागे हटला नाही. ८ ते ११ एप्रिल शत्रूच्या माऱ्याखाली सुरुंग काढले, आडवी पाडलेली झाडे हटवली, वळणरस्ते केले, म्हणून रणगाडे पुढे सरकले. परमवीरचक्र हयातीत मिळालेले ते पहिले वीर. तरी मला विचाराल तर, बंदुकीपेक्षा फावडे-पहारीने गाजवलेले हे शौर्य मुलांना मुद्दाम सांगायला हवे.

१९६८ मध्ये ते निवृत्त झाले. पुण्यात ११ जुलै १९९४ रोजी त्यांचे निधन झाले.

सॅपर्समध्ये नोकरी केलेल्यांनी दोन शब्द जरूर बोलावेत. जुने फोटो आणलेत तर मागे नाव लिहा, गेल्या वेळी अदलाबदल झाली होती. चहाची सोय आहे. येणाऱ्यांची संख्या २४ तारखेपर्यंत कळवा.

— कार्यवाह