वापरलेल्या तळणीच्या तेलावर चालणाऱ्या ट्रकसाठी एक स्पष्ट नियम करा : परिवहन मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय परिवहन मंत्री साहेब,
सादर नमस्कार.

माझा एक जुना डिझेल ट्रक आहे आणि तो मी वापरलेल्या तळणीच्या तेलावर चालवतो. बायोडिझेल म्हणत नाहीये मी. ते वेगळं, त्यात तेलावर मिथेनॉल आणि कॉस्टिक (तीव्र क्षार) टाकून प्रक्रिया करतात, ग्लिसरीन बाजूला काढतात आणि उरलेलं पातळ इंधन गाडीत घालतात. मी सांगतोय ते सरळ तेल, खानावळवाले कढईतून काढून ठेवतात तेच, गाळून, पाणी काढून, गरम करून. बायोडिझेलमध्ये तेल बदलतात, इथे गाडी बदलावी लागते. माझी गाडी माल ओढते, चढ चढते, काही तक्रार नाही. पण कायद्याने ही गाडी नक्की काय आहे ते मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही. कागदावर इंधन डिझेल लिहिलंय, दुसरी टाकी बसवलीय ती कुठेच नोंदलेली नाही, इन्शुरन्सवाल्यांना विचारलं तर ते म्हणतात पासिंगवाल्यांना विचारा आणि पासिंगवाले म्हणतात असा प्रकार आमच्या फॉर्ममध्ये नाही. मला कुणी स्पष्ट मंजुरीही दिली नाही आणि स्पष्ट मनाईही केली नाही. म्हणून थेट तुम्हाला लिहितोय.

आधी एक जुनी गोष्ट, कारण ऑफिसात बऱ्याच जणांना हा जुगाड वाटतो. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ऑटो नावाच्या फ्रेंच कंपनीने एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं होतं, फ्रेंच सरकारच्या सांगण्यावरून, आणि ते इतकं सुरळीत चाललं की बघणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या ते लक्षात आलं. १९१२ मध्ये खुद्द रुडॉल्फ डिझेलने, म्हणजे डिझेल इंजिन शोधणाऱ्यानेच, हे सांगितलंय. इंजिन बनवलं होतं खनिज तेलासाठी आणि त्यात काही बदल केला नव्हता. पुढे डिझेल मुबलक झालं, पंप आणि इंजेक्टर (सिलिंडरमध्ये इंधनाचा फवारा मारणारा भाग) त्या पातळ डिझेलच्या मापाने बनत गेले, आणि आजची अडचण तिथूनच आलीय.

अडचण म्हणजे तेलाचा घट्टपणा. ४० अंश सेल्सिअसला डिझेलचा घट्टपणा साधारण २ ते ४.५ सेंटीस्टोक (घट्टपणा मोजायचं माप) असतो आणि खाद्यतेलाचा ३० ते ४०, म्हणजे जवळपास दहापट. एवढं घट्ट तेल इंजेक्टरमधून बारीक फवारा होऊन निघतच नाही, मोठे थेंब पडतात, ते पूर्ण जळत नाहीत, मग इंजेक्टरच्या तोंडाशी कार्बन धरतो, पिस्टनच्या रिंगा चिकटतात आणि न जळलेलं तेल लायनरवरून, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरून, खाली उतरून चेंबरच्या ऑइलमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाशी असलेल्या वंगणात मिसळतं आणि तिथे हळूहळू डिंकासारखं घट्ट होतं. सगळ्यात वाईट म्हणजे हे लगेच दिसत नाही. टाकीत थंड तेल ओतलं तरी जुनी गाडी चालू होते, माणूस खूश होतो, चार लोकांना सांगतो, आणि काही महिन्यांनी इंजिन खोलायची वेळ येते. लोक मग म्हणतात तेलाने इंजिन खाल्लं. मला विचाराल तर इंजिन गेलं ते थंड आणि ओल्या तेलाने.

उपाय माहीत असलेला आहे आणि काही फार अवघड नाही. दोन टाक्या. गाडी डिझेलवरच चालू करायची, इंजिन तापलं की कूलंटचं गरम पाणी तेलाच्या टाकीतून, पाइपाला लागून आणि फिल्टरपाशी फिरवून तेल ७०-८० अंशांपर्यंत न्यायचं, तेवढं तापलं की घट्टपणा खूपच उतरतो, आणि मगच व्हॉल्व्ह फिरवून तेलावर यायचं. गाडी बंद करायच्या थोडं आधी परत डिझेलवर, म्हणजे पंपात आणि इंजेक्टरमध्ये तेल राहत नाही आणि दुसऱ्या दिवशी थंडीत स्टार्ट मारताना त्रास नाही. तेलात तांब्याचा पाइप घालायचा नाही, कारण तांब्याने तेल लवकर खराब होतं. साधा रबरी पाइपही चालत नाही, फुगतो नाहीतर मऊ पडतो. एवढी पथ्यं पाळली की झालं, पण ती सगळीच पाळावी लागतात, यातलं एक सोडून चालत नाही.

आणि तेल स्वच्छ करणं हे तर गाडीच्या कामापेक्षा जास्त महत्त्वाचं. तळलेल्या तेलात पदार्थातलं पाणी उतरलेलं असतं, मीठ असतं, जळका चुरा असतो, आणि पुन्हा पुन्हा तापवल्यामुळे तेल तुटून फॅटी ॲसिड सुटं झालेलं असतं. पाणी पंपाला गंज लावतं आणि ॲसिड धातू खातं. म्हणून तेल कोमट जागी बरेच दिवस शांत ठेवायचं, वरचं घ्यायचं, तळाचा गाळ आणि पाणी सोडून द्यायचं, मग जाड ते बारीक असं गाळत ५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून बारीक फिल्टरपर्यंत यायचं, सेंट्रिफ्यूज (जोरात फिरवून पाणी आणि गाळ वेगळा करणारं यंत्र) असेल तर उत्तमच. पाणी राहिलंय का ते बघायला तापलेल्या तव्यावर दोन थेंब टाकायचे, तडतडलं तर ते तेल गाडीत जाणार नाही. ॲसिड किती आहे ते साध्या टायट्रेशनने, म्हणजे मोजलेला क्षार थेंब थेंब घालून बघायच्या चाचणीने कळतं, शाळेच्या लॅबमध्ये होतं तेच. या चाचण्या अशा आहेत की तुमचा इन्स्पेक्टर जागेवर उभा राहून करू शकतो, महागडं मशीन लागत नाही.

प्रत्येक ट्रकला हे करा असं मी अजिबात म्हणणार नाही. जुनी इंजिनं, त्यातही इनलाइन पंप (प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा प्लंजर असलेला इंधनाचा पंप) असलेली, हे तेल सहन करतात, कारण त्या पंपाला इंजिनच्या ऑइलचं वंगण मिळतं. रोटरी पंप म्हणजे एकच फिरता भाग सगळ्या सिलिंडरना इंधन वाटतो तो, त्याचं वंगण म्हणजे इंधनच, त्यात थंड घट्ट तेल गेलं तर पंप मोडतो. आणि नवीन कॉमन रेल गाड्यांना, म्हणजे एकाच सामाईक पाइपात जबर दाबाने इंधन भरून ठेवणाऱ्या गाड्यांना, तर हातच लावू नये. तिथे दाब २००० बारच्या आसपास जातो, इंजेक्टरचे पार्ट मायक्रॉनच्या मापाचे, शिवाय धुराचा फिल्टर साफ करायला बऱ्याच गाड्या सिलिंडरमध्ये उशिरा जादा इंधन सोडतात, डिझेलचा त्यातला जो भाग ऑइलमध्ये उतरतो तो थोडाफार तरी उडून जातो पण खाद्यतेल उडत नाही, ते चेंबरमध्ये साठत राहतं. त्यामुळे नियम करताना अशा गाड्यांना सरळ मनाई करा, मी स्वतः तुमच्या बाजूने बोलेन.

साहेब, बाकीच्या देशांनी यावर काहीतरी ठरवलंय तरी. जर्मनीत मोहरीच्या जातीच्या रेपसीड तेलासाठी इंधन म्हणून डीआयएन ५१६०५ असं मानकच आहे, त्यात पाणी, गाळ, ॲसिड सगळ्याला मर्यादा घातल्यात. तिथे सरकारी पैशाने शंभरावर ट्रॅक्टर या तेलावर चालवून बघितले, काही नीट चालले, काहींना दुरुस्ती लागली, आणि ते सगळं लिहून ठेवलं. ब्रिटनने २००७ पासून वर्षाला २५०० लिटरच्या आत स्वतः इंधन बनवणाऱ्या किंवा वापरणाऱ्या माणसाला इंधनावरच्या ड्यूटीतून आणि नोंदणीतून मोकळं केलं. अमेरिकेने उलटा निर्णय घेतला, तिथे कच्चं वनस्पती तेल रस्त्यावरच्या गाड्यांसाठी इंधन म्हणून नोंदलेलंच नाही. मला तो पटत नाही, पण निदान माणसाला कळतं तरी आपण कुठे उभे आहोत.

धुराचंही खरं सांगतो. या तेलात गंधक जवळपास नसतं, आणि जो कार्बन जळतो तो झाडाने थोड्याच काळापूर्वी हवेतून घेतलेला असतो. पण नायट्रोजन ऑक्साइड काही नाहीसे होत नाहीत, आणि थंड इंजिनात तेल सोडलं तर धूर डिझेलपेक्षा जास्त येतो. म्हणून गाडी गरम असताना तेलावर आणि डिझेलवर अशी दोन्ही वेळा धूर तपासणी करा, पास झाली तर शिक्का द्या, नापास झाली तर परत पाठवा.

वापरलेलं तेल काही सगळ्या ट्रकना पुरणार नाही हे मला माहितीय. शिवाय आता विमानाचं इंधन बनवणारेही तेच तेल शोधतायत. पण जे तेल छोट्या छोट्या खानावळींत डबाभर डबाभर उरतं ते मोठ्या कारखान्यापर्यंत पोचतच नाही, ते मोरीत ओतलं जातं आणि गटार तुंबतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे परत स्वयंपाकात येतं. लंडनमध्ये २०१७ साली व्हाइटचॅपलच्या गटारात चरबीचा २५० मीटर लांब आणि सुमारे १३० टन वजनाचा गोळा सापडला होता. असल्या तेलाला जवळपासच एक वापर मिळाला तर ते माणसाच्या पोटात जायचं टळेल, मला तरी हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

तर माझं म्हणणं एवढंच. नोंदणीच्या कागदावर 'डिझेल आणि वनस्पती तेल, दोन टाक्या' असा एक प्रकार घाला. कुठली इंजिनं आणि कुठले पंप चालतील त्याची यादी तुमच्याच इंजिनिअर लोकांकडून करून घ्या. फिटिंग तपासताना तेलाचं तापमान दाखवणारा मीटर डॅशबोर्डवर आहे का, तापमान कमी असताना व्हॉल्व्ह उघडतच नाही अशी सोय आहे का, हे बघा. मालकाने तेल कुठून घेतलं त्याच्या पावत्या ठेवायच्या अशी अट घाला, म्हणजे कुणी खायचं ताजं तेल टाकीत ओतणार नाही आणि चोरीचं तेलही खपणार नाही. छोट्या वापराला करात सूट द्या आणि वरच्या वापराला रीतसर कर लावा, आमची ना नाही. आणि साठवणीच्या नियमात एक ओळ नक्की घाला, तेलाने भिजलेली फडकी ढिगात ठेवायची नाहीत, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. तेल स्वतः सहज पेटत नाही, त्याला २०० अंशांच्या वर तापावं लागतं, पण फडक्यांचा ढीग आतल्या आत तापून आपोआप पेटतो, आणि हे बऱ्याच फिटर लोकांनाही माहीत नसतं.

नियम नाही म्हणून लोक थांबलेले नाहीत. ते अंगणात, अंधारात, अर्धवट माहितीवर करतायत, आणि त्यांच्या गाड्या तुमच्याच रस्त्यावर आहेत. तुमच्या खात्याने तपासणी ठेवली तर माझा ट्रक, टाक्या, फिल्टर आणि तेलाचे नमुने घेऊन तुम्ही सांगाल त्या दिवशी हजर राहीन. इंजिन खोलून बघायचं असेल तर तेही बघा.

आपला नम्र,
एक ट्रकमालक