गुरुवारच्या जाझविषयी आई-बाबांस

तीर्थरूप आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हॉटेल मॅनेजमेंट शिकलेल्या मुलीने रात्री उशिरापर्यंत लोकांच्या टेबलांवर बशा पोहोचवाव्यात, यात शिक्षणाचा उपयोग तो कोणता, असे बाबांनी फोनवर विचारले. लोकलच्या गर्दीत मला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

फोर्टमधल्या आमच्या रेस्टॉरंटमध्ये दर गुरुवारी रात्री ९ ते १२ जाझ असते. पियानो, डबल बास, ड्रम आणि सॅक्सोफोन असे चौघे वाजवतात. इतर दिवशी पाहुणे जेवून उठतात. गुरुवारी ते ऐकायला बसतात, आणि त्यामुळे स्टुअर्डचे, म्हणजे टेबलांवर वाढणाऱ्या आम्हा लोकांचे, कामच बदलते.

बाबा, या संगीताची बांधणी तुमच्या चटकन लक्षात येईल. आधी सगळे मिळून मूळ चाल वाजवतात, मग त्याच स्वरसंगतींच्या चौकटीत एकेक जण आयत्या वेळी सुचेल तसा विस्तार करतो आणि शेवटी सगळे पुन्हा चालीवर येतात. पुष्कळ गाण्यांची चौकट ३२ खंडांची, प्रत्येक खंडात चार मात्रा; मध्यलयीत असा एक फेरा साधारण मिनिटभरात पुरा होतो. एकाचा विस्तार संपला की लोक टाळ्या वाजवतात, आणि रिकाम्या बशा उचलायची, पाणी भरायची, पुढची ऑर्डर घ्यायची आमची वेळ तीच. ड्रमवाला एकटा वाजवू लागला तर काट्या-चमच्यांचा आवाज खपून जातो. पण डबल बासची पाळी आली की बाकीचे साथीदार अगदी हलके होतात किंवा थांबतात, आणि आम्हीही जागच्या जागी थांबतो. बारवर शेकर हलत नाही, कॉफी मशीनची वाफ सोडली जात नाही, आणि केओटी, म्हणजे किचनला द्यायची ऑर्डरची चिठ्ठी, हातात असली तरी मी किचनचे दार ढकलत नाही. सॅक्सोफोनवाल्याने तळहात डोक्यावर टेकवला की ती साथीदारांना चालीवर परतण्याची खूण असते. ती दिसली की मी बिलाची फोल्डर तयार ठेवते, म्हणजे गाणे संपताच ज्यांना निघायचे आहे त्यांना ताटकळावे लागत नाही.

हे मला कोणत्याही वर्गात शिकवलेले नाही. तुम्ही सतारीची जवारी लावायला, म्हणजे घोडी घासून तारांचा नाद जुळवायला, बसलात की आई ओट्यावर भांडे ठेवतानासुद्धा खाली फडके घालत असे, आणि आम्ही मुले अंगणात जात असू. आपल्या मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या मैफलींना तुम्ही मला मांडीवर घेऊन रात्रभर बसलात. त्या मिरजेच्या कानावर मी इथे नोकरी करते, असे मी मनापासून मानते.

आणि हे संगीत मुंबईला काही नवे नाही. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा अमेरिकन वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजवत होता, आणि पुढे ही परंपरा प्रामुख्याने गोव्याच्या वादकांनी सांभाळली. त्यांतले ट्रम्पेटवादक अंतोनियो झेवियर वाझ, ज्यांना सगळे चिक चॉकलेट म्हणत, संगीतकार सी. रामचंद्रांकडेही काम करत. आई, तू पोळ्या लाटताना भगवानदादांच्या ‘अलबेला’तली गाणी म्हणतेस ना? १९५१ च्या त्या चित्रपटात चिक चॉकलेट आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतात. तेव्हा जाझ आपल्या स्वयंपाकघरात कधीच पोहोचले होते.

सगळेच पाहुणे सभ्य असतात असे मी म्हणणार नाही. चुटकी वाजवून बोलावणारे असतात, आणि ते मनाला लागते. पण आमचे कॅप्टन, म्हणजे आम्हा स्टुअर्डांचे प्रमुख, अशा टेबलावर स्वतः जातात. टिप एकत्र जमा होऊन सर्वांत वाटली जाते. भांडी घासणाऱ्या मावशींनाही त्यात वाटा मिळतो, हे मला फार योग्य वाटते. आई, तुझ्या काळजीचे उत्तर असे की दारू बारवर ओतली जाते, मी ती टेबलापर्यंत नेते, आणि काम आटोपल्यावर रेस्टॉरंटची गाडी आम्हा मुलींना घराच्या दारात सोडते. नातेवाइकांनी विचारले तर मी हॉटेलच्या ऑफिसात आहे असे कृपा करून सांगू नका. मी स्टुअर्ड आहे, आणि पुढे कॅप्टन व्हायची माझी इच्छा आहे.

तुम्ही दोघांनी एकदा यावे. बुधवारी रात्री मिरजेहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघालात तर गुरुवारी सकाळी मुंबईत पोहोचाल, मी स्टेशनवर येईन. खांबाजवळच्या टेबलावरून बासवाल्याची बोटे स्पष्ट दिसतात, बाबांना ती जागा आवडेल. आईसाठी शाकाहारी जेवणाचे मी शेफना आधीच सांगून ठेवीन. गुरुवारची टेबले लवकर भरतात, म्हणून तारीख आठवडाभर आधी कळवा आणि परतीचे तिकीट शुक्रवारच्या रात्रीचे काढा.

तुमची लेक