बी.एस्सी.नंतरची वाट दुसऱ्याच वर्षी आखायला हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचे निकाल लागले की सगळ्याच वृत्तपत्रांत ‘विज्ञान शाखेतील संधी’ या विषयावर पानेच्या पाने येतात. त्यांत अभ्यासक्रमांची नावे असतात, महाविद्यालयांची असतात. पण भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेला माणूस सकाळी दहा ते संध्याकाळी सहा नेमके काय करतो, हे त्यांत क्वचितच सापडते. इंदुरात विज्ञान शिकवणारे आम्ही काही जण हे पत्र त्यासाठीच लिहीत आहोत. ‘फिजिक्स घेऊ, केमिस्ट्री घेऊ की बायोटेक?’ असा प्रश्न पालक आणि मुले विचारतात. आमच्या मते प्रश्नाची मांडणीच चुकते. एकेका विषयाच्या पोटात पाच-सहा निरनिराळे व्यवसाय आहेत. प्रत्येकाची प्रवेश परीक्षा वेगळी, पात्रता वेगळी, वयाची अट वेगळी. आधी रोजचे काम निवडावे, मग त्या कामापर्यंत नेणारी परीक्षा पाहावी, आणि विषयांची जुळणी त्यानुसार करावी. हे सगळे तिसऱ्या वर्षी सुरू केले तर उशीर झालेला असतो.

प्रायोगिक पदार्थविज्ञानाचेच घ्या. या कामासाठी इंदूरसारखी जागा देशात फार थोडी. खंडवा रोडवर विद्यापीठाच्या आवारातच यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांची संशोधन संस्था आहे. तिथे द्रवरूप हेलियमच्या, म्हणजे ४.२ केल्विनच्या थंडीत मोजमापे होतात. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-१ (४५० एमईव्ही) आणि इंडस-२ (२.५ जीईव्ही) हे दोन सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन वेगाने फिरवून प्रखर किरण मिळवणारी यंत्रे आहेत; कंसातले आकडे त्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचे. ही नावे मुलांना ठाऊक असतात. त्यांच्यामागचे काम मात्र ठाऊक नसते. मँगनाइटचा, म्हणजे मँगनीजयुक्त ऑक्साइडचा, एक नमुना करायचा तर लँथॅनम ऑक्साइड, स्ट्रॉन्शियम कार्बोनेट आणि मँगनीजचे ऑक्साइड तोलून खलात तासन्‌तास घोटावे लागते. मग भट्टीत हजार अंशांच्या आसपास भाजायचे, बाहेर काढून पुन्हा घोटायचे, पुन्हा भाजायचे, गोळी दाबून त्याहून वरच्या तापमानाला ठेवायचे. लँथॅनम ऑक्साइड हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेते. तोलण्याआधी ते भट्टीत तापवून घेतले नाही, तर वजनात पाण्याचाही वाटा येतो आणि लँथॅनम कमी भरते. हे तेव्हा कळत नाही. आठवड्याभराने नमुन्याची स्फटिकरचना दाखवणाऱ्या क्ष-किरण विवर्तनाच्या आलेखात नको तिथे बारीक शिखरे दिसतात, तेव्हा कळते, आणि सगळे पुन्हा तोलण्यापासून सुरू होते. ज्याला या पुनरावृत्तीचा वैताग येत नाही, उलट शिखर कुठून आले हे शोधण्यात ज्याची झोप उडते, त्याने डोळे मिटून प्रायोगिक संशोधनाकडे जावे. ज्याला भौतिकशास्त्राची गणिते आवडतात पण प्रॅक्टिकलची वही ओझे वाटते, त्याने ते मनाशी मान्य करावे आणि संगणकीय किंवा सैद्धांतिक कामाकडे वळावे. त्याला मात्र रेषीय बीजगणित, विकलक समीकरणे आणि एखादी संगणकभाषा दुसऱ्या वर्षाअखेर हाताशी असायला हवी.

रसायनशास्त्राच्या मुलांची बरीच मोठी संख्या शेवटी पीथमपूरच्या औषध कारखान्यांत जाते, तरी या कामाविषयी वर्गात कोणी बोलत नाही. तिथल्या गुणवत्ता नियंत्रण विभागातले मुख्य यंत्र एचपीएलसी; ते द्रावणातले घटक वेगळे करून त्यांचे प्रमाण मोजते. मोबाइल फेज, म्हणजे यंत्रातून वाहणारे द्रावण, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून त्यातली हवा काढायची. हवा राहिली तर पंपाचा दाब खालीवर होतो आणि आलेखाची पायारेषा (बेसलाइन) डळमळते. नमुना सोडण्याआधी प्रमाण द्रावण पाच-सहा वेळा सोडून शिखरांच्या क्षेत्रफळांतली तफावत, म्हणजे आरएसडी, साधारणपणे २ टक्क्यांच्या आत येते का ते पाहायचे. नवशिका इथे एक चूक हमखास करतो. काम संपल्यावर बफर (क्षारांचे द्रावण) भरलेल्या कॉलममधून, म्हणजे घटक वेगळे करणाऱ्या नळीतून, तो थेट शुद्ध असिटोनायट्राइल हे सेंद्रिय द्रावक सोडतो. क्षार आतच बसतात, दाब चढतो, महागडा कॉलम वाया जातो. आधी पाणी जास्त असलेल्या मिश्रणाने धुवायचे असते. आणि निकाल मर्यादेबाहेर आला तर तो पुसून दुसरा घ्यायचा नसतो; लेखी चौकशी होते, प्रत्येक आकडा कोणी, केव्हा, कोणत्या यंत्रावर काढला याची नोंद राहते. मुलाखतीत नेमके हेच विचारतात. या कामात शिफ्ट असते, रोज तेच ते असते, पण शिस्त आवडणाऱ्या माणसाला ते मानवते आणि पदवीनंतर लगेच घरात पगार येतो. संशोधन आणि विकास विभागात जायचे असेल तर मात्र सेंद्रिय रसायनातली एम.एस्सी. जवळजवळ अटळ आहे. गुणवत्ता नियंत्रणात चार वर्षे काढून मग तिकडे वळू म्हणणाऱ्यांना वळणे जड जाते, कारण तोवर संश्लेषणाचा, म्हणजे नवी संयुगे बनवण्याचा, सराव सुटलेला असतो.

जीवशास्त्रातल्या मुलांनी निवड करताना वेळेचा हिशेब पाहावा. पेशी-संवर्धनात जंतुसंसर्ग झाला तर आठवडे जातात. शेतीच्या प्रयोगात वर्ष जाते. खंडवा रोडवरच सोयाबीन संशोधन संस्था आहे. सोयाबीनचे फूल जेमतेम ५ ते ७ मिलिमीटरचे असते आणि परागण कळीतच होऊन जाते. संकर करायचा तर कळी उमलण्याआधी चिमट्याने पुंकेसर काढून दुसऱ्या वाणाचे पराग लावावे लागतात, आणि एवढे करून त्यांतल्या बऱ्याच कळ्या गळून पडतात. पीक खरिपाचे, जुलै-ऑगस्टातले ते दिवस हुकले की शेतातला प्रयोग पुढच्या पावसाळ्यावर गेला. ज्यांना प्रयोगशाळेच्या चार भिंतींत गुदमरायला होते त्यांच्यासाठी हे काम सुंदर आहे. फक्त पीक-पैदाशीच्या बहुतेक पदांना कृषी शाखेची पदवी लागते, साध्या बी.एस्सी.वाल्याला वाट काढावी लागते ती जीवरसायन किंवा जैवतंत्रज्ञानातून. हे बी.एस्सी.ला प्रवेश घेतानाच माहीत असलेले बरे.

काही वाटा तर मुलांच्या कानांवरही येत नाहीत. कर्करोगाच्या रुग्णालयात किरणोपचाराची मात्रा मोजणारा वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ त्यांतला एक. एम.एस्सी. भौतिकशास्त्रानंतर रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका, किंवा थेट मेडिकल फिजिक्समधली एम.एस्सी., आणि पुढे किरणोपचार विभागात किमान १२ महिन्यांची इंटर्नशिप, अशी ही वाट आहे. पात्रता अणुऊर्जा नियामक परिषद ठरवते. म्हणून खासगी संस्थेत प्रवेश घेण्याआधी तो अभ्यासक्रम परिषदेला मान्य आहे का, आणि इंटर्नशिपची जागा कोण देणार, हे लेखी विचारावे. भूशास्त्रवाल्यांसाठी संघ लोकसेवा आयोगाची भू-वैज्ञानिक परीक्षा आहे. तिच्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळ दोन्हींकडे जाता येते, आणि रसायनशास्त्र व भूभौतिकीवाल्यांनाही जागा असतात. माळव्याच्या बेसाल्टमध्ये पाणी कुठे सापडते हा इथला जिव्हाळ्याचा प्रश्न असूनही भूशास्त्राकडे ओढा कमी. संख्याशास्त्रासाठी भारतीय सांख्यिकी सेवा आहे. लिहिण्या-वाचण्याची आवड असलेल्या विज्ञान पदवीधराला पेटंट एजंटची परीक्षा देता येते.

आता वेळापत्रकाकडे येऊ, कारण सर्वाधिक नुकसान इथे होते. गणपती ते दिवाळी हा काळ आपल्याकडे सणांचा, आणि नेमक्या याच काळात पुढच्या वर्षाचे अर्ज निघतात. गेटचे (अभियांत्रिकी व विज्ञानातल्या पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेचे) अर्ज ऑगस्टच्या अखेरीस किंवा त्यानंतर लवकरच सुरू होतात, जॅमचे (आयआयटींतल्या एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेचे) साधारण सप्टेंबरात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची (टीआयएफआर) परीक्षा डिसेंबरात, जॅम आणि गेट फेब्रुवारीत. तिन्ही विज्ञान अकादमींच्या दोन महिन्यांच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीचे अर्ज बहुधा नोव्हेंबरअखेर बंद होतात. पाचव्या सत्राची परीक्षा झाल्यावर बघू, असे म्हणणाऱ्याच्या हातून एक पूर्ण वर्ष निसटते.

जॅममध्ये ६० प्रश्न, १०० गुण आणि तीन तास असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात ते पहिल्या ३० प्रश्नांतच. पुढच्या दहा प्रश्नांत एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकतात. त्यांत एक जरी सुटला तरी शून्य, अर्धे गुण नाहीत. शेवटच्या २० प्रश्नांत पर्यायच नसतात, आकडा स्वतः काढून भरायचा असतो. मुले सराव करतात तो केवळ पर्यायी प्रश्नांचा, आणि या २० प्रश्नांत एकक किंवा दशांशस्थळ चुकवून गुण घालवतात. भंवरकुआच्या शिकवण्यांत पाठांतर भरपूर होते. घड्याळ लावून आकडेमोड करण्याची सवय मुलांनी स्वतःच लावून घ्यावी. आणखी एक: जॅमच्या गुणांवर एनआयटीत प्रवेश मिळतो, पण त्यासाठी सीसीएमएनची, म्हणजे एनआयटींच्या एम.एस्सी. प्रवेशफेऱ्यांची, नोंदणी वेगळी करावी लागते. ती आपोआप होते असे समजून बसलेली मुले दर वर्षी भेटतात.

पात्रतेचे तपशील त्याहून जाचक. आयआयटीत भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.साठी पदवीला गणित असणे बहुतेक ठिकाणी आवश्यक असते. रसायनशास्त्रासाठीही काही ठिकाणी बारावीपर्यंतचे गणित मागतात. पहिल्या वर्षी गौण विषय निवडताना ‘गुण मिळवायला सोपा’ असा दुसरा विषय घेऊन गणित सोडणाऱ्याने स्वतःच्या हाताने वाट बंद केलेली असते. आमचे स्पष्ट मत असे, की शंका असेल तर गणित ठेवावे. गणित असलेला विद्यार्थी पुढे जीवशास्त्राकडे वळू शकतो, उलट वळणे फार कठीण.

दाखल्यांचेही तसेच. इतर मागासवर्गीयांचा दाखला केंद्राच्या नमुन्यात आणि ताज्या आर्थिक वर्षाचा लागतो. राज्याचा जुना दाखला जोडून अर्ज बाद होतात. इथल्या मराठी कुटुंबांनी एक गोष्ट विशेष पाहावी. केंद्राची यादी राज्यवार असते, आणि महाराष्ट्राच्या यादीतली जात मध्य प्रदेशच्या यादीत असेलच असे नाही. हा शोध प्रवेशाच्या आदल्या आठवड्यात घेऊ नये.

संशोधनाकडे जाणाऱ्यांना पैशाचा आणि वर्षांचा हिशेब आधीच सांगायला हवा. नेट-जेआरएफ, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती, मिळाल्यास पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, शिवाय घरभाडे. एकूण पाच वर्षे. प्रबंध त्यापुढे रेंगाळला तर ही शिष्यवृत्ती थांबते. रक्कम दर महिन्याच्या एक तारखेला खात्यात पडेलच असे नाही, म्हणून घरचा हप्ता तिच्यावर बांधू नये. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो, पण अणुऊर्जा विभागाच्या प्रशिक्षणशाळेसारख्या भरतीला एम.एस्सी. लागते आणि तिथे खुल्या वर्गाची वयोमर्यादा २६ आहे. एकविसाव्या वर्षी पदवी, तेविसाव्या वर्षी एम.एस्सी.; मधे दोन वर्षे ‘ड्रॉप’ घेतली की फार तर एक प्रयत्न उरतो. ड्रॉप घ्यायचाच तर एक वर्ष, आणि तेही आधीच्या गुणपत्रिकेत कुठे कमी पडलो हे कागदावर मांडून.

अध्यापनाची वाट इथल्या मुलींना घरून पुष्कळदा सुचवली जाते. ती चांगलीच आहे, पण शाळेतले अध्यापन आणि महाविद्यालयातले अध्यापन यांची दारे निराळी: एकीकडे बी.एड. आणि शिक्षक पात्रता परीक्षा, दुसरीकडे नेट, सेट किंवा पीएच.डी. आणि राज्य लोकसेवा आयोग. दोन्हींची तयारी एकाच वेळी करणारी मुलगी दोन्हीकडे अर्धी राहते.

काम पाहिल्याशिवाय निवड करू नये, हा आमचा सगळ्यांत आग्रहाचा मुद्दा. १८९१ च्या होळकर विज्ञान महाविद्यालयापासून २००९ च्या आयआयटीपर्यंत इतक्या संस्था या एका शहरात आहेत. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात चार ते आठ आठवडे प्रयोगशाळेत काढता येतात. त्यासाठी प्राध्यापकांना लिहिलेली ईमेल दहा ओळींची असावी: कोणत्या कामाबद्दल वाचले, त्यातले काय समजले, स्वतःला काय येते, कोणत्या तारखांना मोकळे आहोत. एकच मजकूर शंभर जणांना पाठवला तर उत्तर येत नाही. चार जणांना नीट वाचून लिहिले तर बहुधा येते. ज्यांना बारावीत आपल्या मंडळाच्या पहिल्या १ टक्क्यात आल्यामुळे केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती मिळते, त्यांच्या वर्षाच्या ८०,००० रुपयांतले २०,००० उन्हाळी प्रकल्पासाठीच असतात. तो प्रकल्प कागदोपत्री उरकणारी मुले स्वतःचेच नुकसान करतात.

तेव्हा आपल्याकडे एक मागणी आहे. शिक्षणाच्या पानावर दर महिन्याला अर्धा स्तंभ द्यावा आणि त्यात त्या महिन्यात सुरू होणारे व बंद होणारे विज्ञान शाखेचे अर्ज, पात्रतेची एक ओळ आणि लागणारे दाखले एवढेच छापावे. मजकूर जमवून, मूळ जाहिरातीशी ताडून देण्याची जबाबदारी आम्ही घेऊ. महाविद्यालयांनाही विनंती, की दुसऱ्या वर्षाच्या वर्गांना वर्षातून एकदा तरी पीथमपूरचा एखादा कारखाना आणि खंडवा रोडवरची एखादी प्रयोगशाळा दाखवावी, आणि तिथे काम करणाऱ्या पंचविशीतल्या तरुणांशी तासभर बोलू द्यावे; संचालकांच्या भाषणाने ते भागत नाही. स्तंभाचा पहिला हप्ता ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात आला, तर यंदाच्या गेट आणि जॅमच्या अर्जांना तो वेळेवर उपयोगी पडेल.

आपले,
विज्ञान शाखेत शिकवणारे काही प्राध्यापक,
इंदूर