वागळे इस्टेटमधील वायरमनकाकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

यंदा मे महिन्यात ओतूरजवळच्या आमच्या गावी, थोरल्या दिरांच्या अंगणात मोटरहोम, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, उभी करून आम्ही सहकुटुंब राहिलो, आणि ते राहणे निर्धास्त झाले ते आपल्यामुळे. समोर बसून आभार मानले तर आपण ते ऐकून घेणार नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

गावचे घर लहान आहे. सुट्टीत नणंदा आणि त्यांची मुले आली की वडीलधाऱ्यांना पाठ टेकायलाही जागा उरत नाही. पूर्वी अशा वेळी अंगणात बाजा टाकून झोपत असत; परंतु जुन्नर तालुक्यात उसाच्या शेतांतून बिबट्यांचा वावर वाढल्यापासून लहान मुलांना घेऊन उघड्यावर झोपण्यास कोणी धजावत नाही. दार लावून घेता येईल अशी खोली अंगणातच असावी, हीच आमची गरज होती.

निघण्यापूर्वी आपण दुकान बंद करून आलात आणि गाडीतले सारे वायरिंग तपासलेत. त्या वेळी आपण जे समजावून सांगितलेत, ते मोटरहोम वापरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे, असे मला मनापासून वाटते. गाडी रबरी टायरांवर उभी असते. त्यामुळे बाहेरून वीज घेतलेली असताना आतल्या एखाद्या वायरचे आवरण घासून वीज पत्र्याला लागली आणि अर्थिंग नीट नसेल, तर तिला जमिनीत उतरायला वाट मिळत नाही. मग खाली अनवाणी उभे असलेले मूल दाराच्या कडीला हात लावते आणि ती वाट त्याच्या शरीरातून मिळते. म्हणूनच आपण गाडीची चासी, म्हणजे लोखंडी सांगाडा, अर्थिंगच्या वायरला पक्की जोडलीत आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती ओळखणारा स्विच) बसवलात, जेणेकरून गळती होताच वीज क्षणार्धात तुटावी. मुरबाडमार्गे माळशेज घाट चढल्यावर हादऱ्यांनी स्क्रू सैल होतात, तेव्हा गावी पोहोचल्यावर जोडण्या पुन्हा आवळून घ्या, हेही आपण बजावले होते. आम्ही तसे केले, आणि एक जोडणी खरोखरच सैल झालेली निघाली.

गावच्या अर्थिंगबद्दलची आपली सूचना तर घरातल्या सर्वांच्या लक्षात राहिली आहे. उन्हाळ्यात माती कोरडी पडली की तिचा रोध वाढतो आणि अर्थिंग असून नसल्यासारखे होते, म्हणून कोळसा-मीठ घातलेल्या त्या खड्ड्यात रोज पाणी ओतावे, असे आपण सांगितले होते. हे काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतले आणि तुळशीला पाणी घालावे तितक्याच नेमाने केले. केबलचे वेटोळे पूर्ण उलगडूनच वापरायचे, नाहीतर भार वाढल्यावर ते तापते, हे पुतण्याने पाठ केले.

सावलीचा प्रश्नही आपणच सोडवलात. आंब्याखाली गाडी लावली तर छपरावरच्या सौर पॅनेलला ऊन मिळत नाही, आणि उन्हात लावली तर दुपारी आत बसवत नाही. आपण एक पॅनेल लांब वायरसह वेगळे करून दिलेत, ते आम्ही खळ्यात उन्हात ठेवले आणि गाडी सावलीत. पंखेही १२ व्होल्टचे, इन्व्हर्टरशिवाय थेट बॅटरीवर चालणारे लावलेत. गावात संध्याकाळी व्होल्टेज उतरते तेव्हा एसीचा हट्ट धरू नका, हा आपला सल्ला आम्ही मानला, आणि वीज गेलेल्या रात्रीही मुले पंख्याखाली शांत झोपली.

एवढे सगळे करून आपण फक्त सामानाचे पैसे घेतलेत. मजुरीचा विषय काढताच, लहान मुले आणि म्हातारी माणसे झोपणार आहेत, असे म्हणून तो संपवलात. आपल्या त्या शब्दांमागची आस्था आम्ही कधीही विसरणार नाही.

भाऊजींनी आता घराच्या मीटरपाशीही आरसीसीबी बसवून घेतला आहे. शेजारच्या वाड्यातल्या मंडळींनाही स्वतःच्या घरच्या जोडण्या आणि अर्थिंग तपासून हवे आहे. सवडीने आपण आणि काकूंनी गावी यावे, येण्याजाण्याची व्यवस्था आम्ही करू आणि या वेळी मजुरी मात्र घ्यावी लागेल, असे भाऊजींनी आग्रहाने लिहायला सांगितले आहे.

आपली कृतज्ञ,
ठाण्यातील एक गृहिणी