आण्णा, खोगीर इतक्यात नको

ती. आण्णा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर मॉलीबद्दल, म्हणजे मी सांभाळतो त्या घोडीबद्दल, तुम्ही म्हणालात, "लंगडत नाही ना? मग टाक की खोगीर." तेव्हा रेंज जात होती, म्हणून आता लिहितो.

घोडीला गवत बाधलं म्हटलं तर सोलापुरात हसतील. आपल्याकडं कडबा मिळाला तरी नशीब. इथं इंग्लंडात, डेव्हनमध्ये वसंतातलं गवत साखरेनं भरलेलं असतं, त्यात मॉली मुळातच लठ्ठ. खुराची भिंत आणि आतलं हाड यांना जोडणारा पदर सुजला. त्यालाच लॅमिनायटिस म्हणतात. पकड सैल झाली की हाड खाली झुकतं. तिचं थोडं झुकलेलं एक्स-रेत दिसलं. टांग्याच्या घोड्याचे खूर तापले की तुम्ही त्याला गार चिखलात उभं करायचात ना? इथंही सुरुवातीला खूर बर्फात ठेवतात.

आता दुखण्याची औषधं बंद आहेत. गोळी चालू असताना घोडा लंगडला नाही, तर त्यावर काय विश्वास ठेवायचा? सरळ रेषेत झकास चालते. पण अकलूजच्या घोडेबाजारात तुम्ही जनावर कडक जमिनीवर जागच्या जागी वळवून बघायचात, तसं डॉक्टरनं वळवलं, तर उजवीकडं पाऊल अजून आखडतं. परीक्षा तुमचीच, आण्णा, आणि मॉली नापास!

शिवाय खूर महिन्याला जेमतेम ६ ते १० मिलिमीटर वाढतो. पुढची बाजू वरपासून खालपर्यंत नवी यायला ९ ते १२ महिने लागतात. वरून घट्ट धरलेला नवा खूर उतरतोय, खालचा अजून जुनाच. तोवर मऊ, सपाट जमिनीवर हातात धरून चालवायचं. आधी अन् नंतर खुराची ऊब आणि घोट्यामागची नाडी बघतो. नाडी ठणठण उडायला लागली की काम बंद, डॉक्टरला फोन. पुढं खोगीर चढलं तरी आधी नुसती चाल, दुडकी बऱ्याच नंतर, आणि लहान गोलात फिरवणं सगळ्यात शेवटी.

मालकीणबाईंना ख्रिसमसच्या आत रपेट हवीय. मला विचाराल तर पुढच्या उन्हाळ्याआधी नाहीच. चरायला सोडताना मळणीच्या बैलासारखं मुसकं बांधतो, वाळलं गवत भिजवून त्यातली साखर काढून मग देतो, तर बाई म्हणतात, बिचारी उपाशी मरतेय! पोट बघा म्हणावं तिचं.

गड्ड्याच्या जत्रेला यायचं जमणार नाही, रजा नाही. शेंगाचटणी संपत आलीय, चिन्मय निघाला की त्याच्याबरोबर जरा जास्तच द्यायला आईला सांगा.

तुमचा,
संजू