लव्हबर्डच्या इनडोअर पिंजऱ्याचं कोटिंग सुटतं, खाली जस्त आहे: लेखी तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: पावडर कोटिंगचा मोठा पांढरा लव्हबर्ड पिंजरा, पैसे परत मिळणे व विक्री थांबवणे

आज तुमच्या हेल्पलाइनला चौथा फोन झाला. दर वेळी नवा तक्रार क्रमांक देता आणि जुन्यापुढे 'निकाली' लिहिता. म्हणून आता लेखी.

पिंजरा तुमचाच, त्यामुळे त्याचं वर्णन करत बसत नाही. दाराच्या कडीजवळचं कोटिंग नवव्या दिवशी सुटलं. मोहरीएवढे पोपडे निघाले, आत करडी जस्ताची तार. बेळगावात जूनमध्ये दोरीवरचे कपडे वाळत नाहीत. अशा हवेत त्या उघड्या तारेवर चार दिवसांत पांढरी भुकटी धरली. तीच भुकटी माझ्या लव्हबर्ड मादीच्या चोचीच्या कडेला लागलेली होती. मग हिरवी पाण्यासारखी विष्ठा, खाल्लेलं ओकणं, पिसं फुगवून तळाला बसून राहणं. वजन ५२ ग्रॅमवरून ४४ वर आलं. एक्स-रेत पेषणीत, म्हणजे पक्ष्याच्या दाणे दळणाऱ्या पोटात, धातूचे कण दिसले. तिथे ते अडकून राहतात, जठरातल्या आम्लात विरघळतात आणि जस्त रक्तात उतरून विषबाधा होते. उपचार चालू आहेत.

परसातल्या मोठ्या जाळीतून पक्षी घरात आणले की त्यांची उडण्याची जागा जाते, कुरतडायच्या फांद्या जातात. मग चोच तारेवर चालते. म्हणजे ज्या पिंजऱ्यावर तुम्ही 'इनडोअर, लव्हबर्डसाठी' छापता, त्याचंच कोटिंग सगळ्यात पक्कं हवं. बाहेरच्या नव्या जाळीलासुद्धा पक्षी पाळणारे ब्रश आणि व्हिनेगर मारतात, धुऊन काढतात, उन्हापावसात मुरू देतात आणि मगच पक्षी सोडतात.

आता आजचं बोलणं. अकरा मिनिटं होल्डवर ठेवून तुमच्या प्रतिनिधींनी विचारलं, "मॅडम, पक्षी पिंजऱ्याला चावतो का?" मी म्हटलं, पोपटाच्या जातीचा आहे, चोचीनंच चढतो, चावणारच. "मग तो वापरातला दोष झाला. वॉरंटीत बसत नाही." मी पुन्हा सांगितलं की पक्षी आजारी आहे, तारेवर जस्त आहे, फोटो पाठवलेत. त्यावर ते म्हणाले, "मॅडम, नवी जोडी हजार-बाराशेत मिळते. एवढं कशाला मनाला लावून घेता?" वरिष्ठांना फोन द्या म्हटलं, तर फोन ठेवला. हजार-बाराशेत मिळते! पिंजरा विकताना तुम्ही याच पक्ष्याचा फोटो खोक्यावर छापता. तीन वर्षं हाताळलेल्या, आवाजावरून माणूस ओळखणाऱ्या जिवाची किंमत तुमच्या माणसानं बाजारभावानं सांगितली. हे मी विसरणार नाही.

दुसरं, खोक्यावर तारांमधलं अंतर १२ मिमी लिहिलंय. दाराच्या बाजूला पट्टी लावली तर १९ मिमी भरलं. त्यात लव्हबर्डचं डोकं जातं आणि मागे निघत नाही. वाट्यांची वर सरकणारी दारं बिनकडीची आहेत, पक्षी ती चोचीनं उचलतात. मी तारेचे चिमटे लावलेत.

तिसरं, सोबतचं पत्रक. 'पक्षी थेट आत घ्या, स्वयंपाकघरात टांगा, सोबत मिळते' असं त्यात आहे. हे तातडीनं काढा. नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याच्या धुरानं पक्षी काही मिनिटांत मरतात. मच्छर अगरबत्ती आणि धूपही त्यांच्या खोलीत नको. त्याऐवजी हे छापा: रिकामा पिंजरा आधी आठ दिवस बाहेरच्या जाळीतच ठेवावा, दार उघडं, आत दाणा. मग कोरड्या दिवशी सकाळी आत आणावा, म्हणजे अंधारापूर्वी जागा ओळखीची होते. एक बाजू भिंतीला, पंख्याखाली नाही, खिडकीच्या झोतात नाही. तेच राळे-बाजरी, त्याच पेरूच्या फांद्या, समुद्रफेस. दाण्याचा बदल महिनाभर नको. रात्री दहा-बारा तास शांत अंधार. दचकून फडफडत असतील तर मंद दिवा. काचेतून येणाऱ्या उन्हात हवे ते अतिनील किरण उरत नाहीत, म्हणून रोज सकाळी वीस मिनिटं गॅलरीत, अर्धा पिंजरा सावलीत.

इतकी वर्षं बेळगावात, खानापुरात विचारणाऱ्याला मी तुमचंच नाव सांगत आले. आता ते सांगवत नाही.

पंधरा दिवसांत पिंजऱ्याची पूर्ण रक्कम, उपचारांचा खर्च आणि या मालाची विक्री थांबवल्याचं लेखी उत्तर हवं. आणि हो, त्या फोनबद्दल माफी. बिलावर तुम्ही दुसऱ्या शहराचं न्यायक्षेत्र छापलंय, पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मी राहते तिथे, म्हणजे बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात, तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीवर तक्रारीचं शुल्कही नाही. कागद तयार आहेत.

पिंजरा धुतलेला नाही. सुटलेले पोपडे आणि दाराची कडी वेगळ्या पिशवीत बांधून ठेवली आहे. तपासायला माणूस पाठवा, कुरिअरनं मी ती देणार नाही.

तुमची ग्राहक,
अनगोळ, बेळगाव